रॉकेल ओतण्याआधी भोक कुणाचं ते बघा

अंगणात भोकं दिसली की रॉकेल ओता, हा एका लेखात वाचलेला सल्ला पटला नाही. पावसाळा संपल्यावर तुळशीवृंदावनाजवळच्या मोकळ्या लाल मातीत पेन्सिल जाईल एवढं भोक आणि एका बाजूला भुसभुशीत मातीचा ढीग दिसला, तर ते बहुधा एकट्या राहणाऱ्या खणणाऱ्या गांधीलमाशीचं असतं. नरसाळ्यासारखा खड्डा असेल तर तो मुंगीसिंहाचा, म्हणजे खड्ड्यात मुंग्या पकडणाऱ्या किड्याचा. पायांवर पिवळे परागकण घेऊन आत जाते ती मधमाशीच्या कुळातली.

दुपारी उन्हात दहा मिनिटं लांबून बघा, गांधीलमाशी काय घेऊन येते त्यावरून तिची जात ओळखता येते. अळी ओढत आणणारी बारीक, लांब कंबरेची ती अमोफिला. चकाकती हिरवट-निळी क्लोरिऑन मोठे रातकिडे धरते. किनाऱ्याजवळच्या रेतीत बेम्बिक्स माश्या पकडते. बहुतेक वेळा भक्ष्य मरत नाही, डंखाने लुळं पडतं, म्हणून पिल्लाला ताजं मिळतं.

कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) शेणखताच्या खड्ड्यावर घिरट्या घालणारी केसाळ स्कोलिया गांधीलमाशी मात्र घर खणत नाही. ती खतात शिरून भुंग्यांच्या अळ्या (हुमणी) शोधते आणि तिथेच अंडं घालते. हुमणीने त्रस्त असाल तर तिला हाकलू नका.

या माद्या घराची राखण करत नाहीत. चिमटीत धरलं किंवा अनवाणी पाय पडला तरच डसतात. नराला नांगीच नसते. पोरं खेळतात त्या जागी नको असतील तर माती रोज ओली ठेवा किंवा सुक्या पानांचा थर द्या. एकाच भोकातून सतत ये-जा करणाऱ्या पुष्कळ गांधीलमाश्या किंवा मधमाश्या दिसल्या तर गोष्ट वेगळी, तिथे जवळ जाऊ नका.