शंभर जोर आणि शून्य बीम

बरेच दिवस लिहायचं होतं, आज रविवार आहे आणि तळहाताचा घट्टा सोललाय म्हणून जिना धुवायच्या कामातनं सुटका मिळालीय, तर लिहून टाकतो. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आपल्या कोल्हापुरात कुणालाही झोपेतनं उठवून विचारा, जोर किती मारतोस? पन्नासच्या खाली कोण बोलायचं नाही. १९१२ ला खासबाग मैदान उभं राहिलेलं गाव हे, पेठेपेठेत तालीम, ज्याच्या घरात तीन पिढ्या कुणी लांग चढवली नाही तो पण आजोबांच्या नावावर मिशीला पीळ देतो. मी त्यातलाच. दोन वर्षांपूर्वी, वय ३६, रंकाळ्याकडच्या एका बागेत सहज म्हणून सिंगल बारला लटकलो आणि कळलं की मला एक, अक्षरशः एक सरळ पुल-अप येत नाही. हनुवटी बारच्या वीतभर खाली, पाय हवेत सायकल चालवतायत, मान ताणून ताणून कासवासारखी झालेली, आणि शेजारी भरतीची पोरं दहा बीम (पुल-अपला ती बीम म्हणतात) मारून अशी उतरतायत जशी केएमटीच्या बसमधनं उतरावीत. (सैन्य भरतीत १० बीमला पूर्ण ४० मार्क, म्हणून ती अकरावा मारतच नाहीत, लई हिशोबी.)

घरी येऊन विचार केला की शंभर जोर मारणाऱ्याला एक बीम का येऊ नये? तर साधं आहे ओ. जोर म्हणजे ढकलणं, बैठक म्हणजे पाय. ओढायचं काम त्यात कुठंच नाही. तालमीत ते होतं, पैलवान दोरावर चढायचे, फावड्यानं हौदा (कुस्तीचा मातीचा आखाडा) उकरायचे, आणि शंभर किलोचा जोडीदार मानेला धरून ओढायचे ते वेगळंच. आपण घरी येताना फक्त जोर आणले, कारण त्याला काही सामान लागत नाही आणि आकडा सांगायला बरा पडतो.

पुढं जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. तीन-चार महिन्यांत कसेबसे सहा पुल-अप यायला लागले आणि मी डायरेक्ट मसल-अपच्या (ओढून छाती बारच्या वर न्यायची आणि मग हात सरळ करून कमरेपर्यंत वर यायचं) मागं लागलो. रील बघून. झोका घ्यायचा, पाय झटकायचे, आधी एक कोपर बारवर टाकायचं मग दुसरं, कोंबडी कुंपणावर चढते तसं. एक दिवस चढलो! व्हिडिओ टाकला, तुम्हीच सगळ्यांनी ‘नाद खुळा’ लिहिलं होतं. त्यानंतर रोज तेच, रोज पंधरा-वीस वेळा, आणि तिसऱ्या आठवड्यात सकाळी आंघोळीला बसलो तर पाण्याचा तांब्या उचलेना. कोपराच्या आतल्या बाजूला जे हाड टोचतं ना, तिथं सुई घातल्यासारखी कळ. फिजिओ म्हणाले गोल्फर्स एल्बो. मी जन्मात गोल्फची काठी धरलेली नाही, गोल्फर कसला.

त्यांनी जे समजावलं ते मला आधी कुणीतरी सांगायला पाहिजे होतं. स्नायू काही आठवड्यांत ताकद धरतो, पण त्याला हाडाशी बांधणारा जो टेंडन असतो त्याला रक्तपुरवठा कमी, त्याला तयार व्हायला महिनेच्या महिने लागतात. म्हणजे दंड म्हणतो जमतंय, आणि कोपर अजून कागदपत्रं गोळा करतंय. चार महिने बार बंद.

परत आलो तेव्हा खालनं सुरू केलं. बागेत एक आबा येतात, सत्तरी ओलांडलेले, जुने पैलवान, बाकावर बसून आमच्याकडं बघत असतात. मी कमरेएवढ्या दांड्याखाली आडवा होऊन छाती दांड्याला लावत होतो (ऑस्ट्रेलियन पुल-अप म्हणतात त्याला), भरतीची पोरं गालात हसत होती, आणि आबा म्हणाले, “हसू द्या रं त्यांना. आमाला वस्तादानं पयलं सहा म्हैने नुस्ता हौदाच उकरायला लावलावता.” बस, त्या दिवसापासनं लाज गेली.

मग नुसतं लटकणं, एक मिनिट. मग हात न वाकवता फक्त खांद्याची पाती खाली ओढणं, बघायला काहीच वाटत नाही पण पाठ पेटते. मग स्टुलावरनं उडी मारून वर जायचं आणि पाच-सहा सेकंद मोजत सावकाश खाली यायचं. माझं ठाम मत आहे की हा सावकाश उतरणारा प्रकार निम्म्या कोल्हापूरला पुल-अप शिकवेल, पण करणार कोण, रील होत नाही ना त्याची.

आणि मुख्य मुद्दा इथं आहे, ज्यावरनं माझं ग्रुपवर भांडण झालं. शंभराचे दीडशे जोर केले म्हणजे पुढं गेलो असं नाही. पैलवान हजारात मोजायचा कारण त्याला कुस्तीत दम पाहिजे होता, त्याचं बरोबरच होतं. तुला प्लांश (फक्त हातांवर अख्खं अंग जमिनीला समांतर धरायचं) पाहिजे असेल तर आकडा नको वाढवू, अवघड कर. पाय पायरीवर ठेव, हात कमरेकडं सरकव आणि खांदे पुढं झुकव, दहात जीभ बाहेर येईल. वजन तेच, फक्त ते खांद्यापासनं लांब नेलं. भरलेली घागर कमरेवर घेऊन गल्लीभर चालता येतं, तीच हात लांब करून धर बघू. फ्रंट लिव्हरचं (बारला सरळ हातांनी लटकून, तोंड वर करून अंग आडवं धरायचं) हेच आहे, आधी गुडघे छातीला, मग पाठ सरळ करून गुडघे थोडे लांब, मग एक पाय, मग दोन्ही पाय फाकवून, मग पूर्ण. दोन पायऱ्यांच्या मधे सहा सहा महिने जातात.

हँडस्टँडबद्दल थोडक्यात, भिंतीकडं पाठ करून नको, पोट भिंतीला लावून करा, कंबर वाकत नाही. आणि पाय धुऊन करा. आमच्या हॉलच्या भिंतीवर पाच फुटांवर पायाचे ठसे आहेत आणि त्याबद्दल घरात अजून शांतता नाही.

वजनाचं विचारू नका. महिन्याला दोन घरगुती कार्यक्रम असतात, तिथं पांढरा-तांबडा ओरपायचा आणि सोमवारी बारला लटकून ‘आज जड का वाटतंय’ म्हणायचं. कॅलिस्थेनिक्समध्ये, म्हणजे ह्या अंगाच्याच वजनाच्या व्यायामात, वजनाची प्लेट काढून ठेवता येत नाही, ती पोटावरच असते.

सध्या १० स्वच्छ पुल-अप, छाती बारला लागेल असे ४, बारवरच्या सरळ डिप्स (बारवर हात टेकून अंग खाली-वर करायचं) १२, आणि झोका न घेता एक मसल-अप, तो पण आठवड्यातनं एखाद्या वेळी. फ्रंट लिव्हर गुडघे पोटाशी घेऊन ९ सेकंद. कोपर गप्प आहे. आबांना मसल-अप दाखवला तर म्हणाले, “बरं हाय. दोर चढतोस का?” दोर अजून चढता येत नाही.

तर दोन कामं होती. एक, कळंबा किंवा फुलेवाडी बाजूला उंच सिंगल बार कुठं असेल तर सांगा, इथला बुटका आहे, सरळ लटकलं की पाय टेकतात. आणि दोन, कुणाच्या ओळखीच्या तालमीत अजून दोर टांगलेला असेल आणि ३८ वर्षांच्या माणसाला पहाटे येऊ देत असतील तर इनबॉक्स करा.