गीझर प्रेशर खात नाही, राजेहो

थंडी पडली की सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतो: 'विजेचा गीझर पाण्याचं प्रेशर खातो. इन्स्टंट (पाणी साठवून न ठेवता लगेच तापवणारा छोटा) गीझर बसवा, गीझरखालचा सेफ्टी वॉल्व काढून टाका, मोठा रेन शॉवर लावा, नाहीच जमलं तर गरम लाइनला पंप जोडा किंवा सरळ गॅस गीझर घ्या.' यंदा त्याखाली आमच्या नागपुरातल्या मनीषनगरच्या एका काकूंनी लिहिलं, 'वॉल्व काढला, मस्त धार येते.' तेव्हा राहवलं नाही.

प्रेशर गीझर तयारही करत नाही, खातही नाही. खालून जेवढं थंड पाणी आत शिरतं, तेवढंच गरम पाणी बाहेर ढकललं जातं. जोर येतो टाकीच्या उंचीतून, दहा मीटरला साधारण एक बार (बार हे दाबाचं माप). आमचा फ्लॅट सगळ्यात वरचा; गच्चीवरच्या टाकीचं बूड आणि शॉवर यांत जेमतेम साडेतीन मीटर. म्हणजे ०.३५ बार. एवढ्यावर शॉवर रडणारच.

पण थंड धार बरी आणि फक्त गरमच मेली असेल तर अडथळा गीझरच्या वाटेवर आहे. शंका असेल तर बादली लावून घड्याळ बघा. आमच्याकडे दहा लिटरची बादली थंड पाण्यानं सत्तर सेकंदांत भरली, गरम पाण्याला तीन मिनिटांच्या वर लागले. गीझरची लवचिक नळी सोडवली तर आतलं रबरी वॉशर फुगून भोक तुरीच्या डाळीएवढं उरलेलं, आणि त्यातही पांढरी खपली अडकलेली. टाकीत बोअरचं पाणी मिसळतं, त्याची ही मेहेरबानी. वॉशर बदललं, मिक्सरचं (गरम-थंड पाणी एकत्र करणाऱ्या नळाचं) कार्ट्रिज, म्हणजे आतली गुंडी, धुतलं, अँगल कॉक (गीझरला पाणी सोडणारा भिंतीवरचा छोटा नळ) पूर्ण उघडला. बादली दीड मिनिटावर आली.

आता इन्स्टंटचा हिशेब. तीन किलोवॅटचा गीझर मिनिटाला एक लिटर पाणी सुमारे ४३ अंशांनी तापवतो. शॉवरला मिनिटाला सहा लिटर धरा, तर वाढ सातच अंशांची. पोटातलं तीन लिटर गरम पाणी संपलं की खेळ खलास. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर होता. तशा सकाळी सात अंशांनी काय होणार? मग माणूस पाणी गरम यावं म्हणून नळ बारीक करतो. म्हणजे धार वाढवायला आणलेल्या यंत्रानं धारच कमी केली! याहून फार ताकदीचा गीझर घरातल्या १६ अँपिअरच्या पॉइंटवर चालत नाही.

रेन शॉवरबद्दल एकच: त्याला पाणी जास्त लागतं, तो आणत नाही.

पंपाची कल्पना चांगली, जागा चुकीची. फक्त गरम लाइनचा जोर वाढला तर मिक्सरमधून गरम पाणी थंड लाइनीत घुसतं. प्रेशर बूस्टर पंप गच्चीवर, टाकीतून निघालेल्या पाइपवर, थंड-गरम फाटे फुटण्याआधी बसवायचा. वरच्या मजल्याला खरा इलाज हाच. महापालिकेच्या नळाला मात्र थेट पंप लावू नका, बाप्पा.

गॅस गीझर पेटायलाही पाण्याचा ठरावीक जोर लागतो, ०.३५ बारवर तो पेटेलच याची खात्री नाही. शिवाय बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइडचा धोका, तोही वास न येणारा.

वॉल्व मुद्दाम शेवटी ठेवला, कारण काकू खोटं बोलत नाहीत. जादा दाब बाहेर सोडायचं कामही तोच करतो. त्यात पाणी उलटं जाऊ नये म्हणून स्प्रिंगची झडप असते, कमी दाबाला ती अडते, क्षार साचले तर जास्तच. काढला की धार वाढते. पण मग गरम पाणी मागे टाकीच्या लाइनीत जातं, आणि कुणी अँगल कॉक बंद केला नि थर्मोस्टॅट (पाणी तापलं की वीज तोडणारा) अडकला तर वाफेला वाटच उरत नाही. पाणी तापताना वॉल्वमधून थेंब पडतात ते बिघाड म्हणून नव्हे: पंधरा लिटर पाणी वीसवरून साठ अंशांवर गेलं की सुमारे पाव लिटरनं फुगतं. वॉल्व जाम असेल तर नवा, गीझरला लागतो तेवढ्याच दाबाचा घ्यावा.

काकूंना फोन केला. वॉल्व अजून फेकलेला नाही, वॉशिंग मशीनवर ठेवलाय. प्लंबर उद्या येतोय, तोवर गीझर बंद. "मग उद्या सकाळी आंघोळ कशी करू?" म्हणाल्या. इंडक्शनवर पातेलं ठेवा म्हटलं.