मेलेले मासे मोजता, मग शिंपले का नाही?

कृष्णेला साखर कारखान्यांच्या मळीचं पाणी आलं की काय होतं, हे आमच्या सांगलीकडच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. पाणी काळपट पडतं, वास सुटतो आणि सकाळी काठाला माशांचा खच पडलेला असतो. फोटो फिरतात, बातम्या येतात, पंचनामा होतो, पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून जातात. मागच्या खेपेला गर्दी ओसरल्यावर, चार दिवसांनी, मी घाटाच्या खालच्या अंगाला चिखलात उतरले. तिथे शिंपले मरून पडले होते. आ वासलेले, आतलं मांस पांढरं पडून सुटलेलं. उभ्या जागेवरून हात पोचेल तेवढ्यात मी १९ मोजले. त्यांच्याबद्दल कुठल्या बातमीत एक ओळ मी वाचली नाही.

मासा निदान धडपडतो. वर येऊन हवा घ्यायला बघतो, चांगल्या पाण्याकडे पळतो. शिंपल्याला पळणं माहीत नाही. पाणी बिघडलं की तो दोन्ही झडपा घट्ट मिटून, दार लावून बसतो. थोडा वेळ निभावतं. पण मळीतली घाण कुजताना पाण्यातला ऑक्सिजन दिवसच्या दिवस खात राहते, आणि कधीतरी त्याला दार उघडावंच लागतं.

आमच्या आजीकडे एक नदीचा शिंपला होता. त्याची फुगीर बाजू दगडावर घासून घासून भोक पाडलेलं, भोकाची कड धारदार. त्यानं ती कैरी अशी सोलायची की साल लांबच्या लांब निघायची. आतला मोतिया रंग ओल्या हातात अजून डोळ्यांपुढे येतो. शिंपला म्हणजे एवढंच, असं मला कित्येक वर्षं वाटत होतं. घरातली एक वस्तू.

जिवंत शिंपला बघायचा तर उन्हाळ्यात, पाणी निवळ असताना, काठच्या गाळात बघा. आधी दिसते ती एक बारीक चर, कुणीतरी बोटानं रेघ ओढल्यासारखी. त्या रेघेच्या टोकाला तो असतो, अर्धाअधिक गाळात रुतलेला. जिभेसारखा पाय पुढे काढतो, गाळात रोवतो आणि अंग ओढून घेतो. वर राहिलेल्या टोकाला दोन फटी. एकीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर. आत घेतलेल्या पाण्यातलं शेवाळ, जिवाणू, कुजका चुरा कल्ल्यांवर गाळून खातो. नको ते चिकट लाळेत गुंडाळून तळाला टाकतो, आणि त्यावर तळातले किडे पोसले जातात. मोठा शिंपला दिवसाला कित्येक लिटर पाणी असं गाळतो. आपल्याकडे जे लॅमेलिडेन्स जातीचे मोठे शिंपले मिळतात (मोत्यांच्या शेतीला वापरतात तेच), त्यांचंही काम हेच. घोंगल्या फोडा, म्हणजे तो उघड्या चोचीचा करकोचा, गोगलगायींबरोबर शिंपलेही खातो.

पण मला खरं सांगायचंय ते त्यांच्या पिल्लांबद्दल. नर पाण्यात बीज सोडतो, ते मादीच्या फटीतून पाण्याबरोबर आत जातं. मादी पिल्लं आपल्या कल्ल्यांत वाढवते आणि मग पाण्यात सोडते. ही पिल्लं मोहरीच्या दाण्याहूनही कितीतरी बारीक, दोन चिमुकल्या झडपांची. त्यांना ग्लोकिडियम म्हणतात. एखाद्या माशाच्या कल्ल्याला किंवा परांना जाऊन चिकटली तरच ती जगतात. काही दिवस, कधी काही आठवडे, माशाच्या अंगावर राहून शिंपल्याचं रूप घेतात आणि मग गळून तळाला बसतात. माशाला याचा सहसा फारसा त्रास नसतो. १७९७ साली राथके नावाच्या शास्त्रज्ञाला शिंपल्याच्या कल्ल्यांत हे जीव दिसले, तेव्हा त्याला ते शिंपल्याच्या अंगावर पोसणारे परजीवी वाटले. ग्लोकिडियम हे नाव त्यानंच दिलं. आईच्या अंगातली पिल्लं, आणि त्यांना परजीवी ठरवलं! ती माशावर वाढतात हे कळायला १८६६ साल उजाडलं.

आता मळीच्या पाण्याचा पुन्हा विचार करा. मासे मेले म्हणजे शिंपल्याच्या पिल्लांची पुढची वाटच बंद झाली. म्हातारे शिंपले कसेबसे वाचले, तरी त्यांची पिल्लं चिकटणार कुणाला? नदी वरून पुन्हा स्वच्छ दिसायला लागते, आणि तळाला फक्त म्हातारे उरतात. मी आता मुद्दाम नखाएवढे शिंपले शोधते. आमच्या घाटाखाली गेल्या उन्हाळ्यात दोन तास गाळ चाळला. हातभर अंतरावर एकेक मोठा मिळाला, लहान एकही नाही. एका घाटावरून नदी ठरवू नये, कबूल. पण त्या दिवशी माझ्या पोटात गोळा आला.

गावातल्या एका म्हाताऱ्या भोई काकांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, बोटीनं वाळू ओढाय लागले तवापास्नं तळच ऱ्हायला न्हाई. शिंपला बसंल कुठं?" खरंय. यांत्रिक बोट वाळू ओढते तेव्हा वाळूत राहणारंही सगळं ओढून नेते.

पोलंडमध्ये वॉर्सा शहराच्या पाणीपुरवठ्यात आठ जिवंत शिंपल्यांना तारा जोडून ठेवलेत. पाणी बिघडलं, शिंपल्यांनी तोंडं मिटली की इशारा मिळतो. तीन महिने काम केलं की त्यांना परत पाण्यात सोडतात. एवढ्या मोठ्या शहराचा ज्या जीवावर भरवसा आहे, तो आपल्या नदीत हजारोंनी असायला हवा, आणि मेला तर आपण त्याची साधी नोंदही करत नाही.

माझं मागणं एवढंच आहे. मासे मेल्याचा पंचनामा कराल तेव्हा तळही बघा. एक ठरावीक चौकोन आखा, त्यातले मेलेले, जिवंत, मोठे, लहान शिंपले वेगवेगळे मोजा. दरवर्षी तीच जागा. याला यंत्र लागत नाही, गुडघाभर पाण्यात उतरणारी दोन माणसं लागतात. आणि मोत्यांच्या शेतीसाठी नदीतले शिंपले पोत्यानं उचलणं थांबवा. शेतीला शिंपले हवेत तर आधी वाढवायला शिका.

बंधाऱ्याचे बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढले की पाणी एकदम उतरतं आणि शिंपले उघडे पडतात. दिसले तर लांब फेकू नका. उचलून जवळच्याच पाण्यात, गाळ असेल तिथे, आडवे ठेवा. मी परवा सात ठेवले. विसेक मिनिटं काठावर बसून राहिले, तेव्हा त्यातल्या एकानं फट उघडून पाय बाहेर काढला आणि गाळात रोवला.