सुष्मिता सेनच्या मुलींबद्दलचा तो मेसेज

परत एकदा तो मेसेज फिरायला लागलाय. मजकूर साधारण असा, की सुष्मिता सेनला पिक्चर मिळेनासे झाले म्हणून चर्चेत राहायला तिने मुली दत्तक घेतल्या, एरवी बिनलग्नाच्या बाईला कायद्याने मूल मिळतच नाही, हिच्याकडे नाव आणि पैसा होता म्हणून झटपट मिळाल्या, आणि या नादात करिअर गेलं ते गेलंच. खाली टाळ्यांचे इमोजी. चला, एकेक घेऊ.

पिक्चर मिळत नव्हते म्हणे. थोरली मुलगी घरी आली 2000 साली. त्याआधी बघा, 1994 ला मनिलात मिस युनिव्हर्स, भारतातून पहिलीच, मग 1996 ला 'दस्तक', 1999 ला 'बीवी नंबर 1' आणि त्यासाठी सहाय्यक अभिनेत्रीचं फिल्मफेअर. म्हणजे सगळं रांगेला लागलेलं असताना चोविसाव्या वर्षी तिने हे केलं. त्या काळी हिरॉइनने नुसतं लग्न केलं तरी निर्माते हात आखडता घ्यायचे, तिथे लग्न नाही आणि कडेवर पोर, याला पब्लिसिटी म्हणायचं तर फारच आतबट्ट्याचा धंदा झाला की. आणि 'मैं हूँ ना' 2004 चा आहे, मुलगी आल्यानंतरचा.

आता कायदा, कारण मेसेजमधली सगळ्यात मोठी थाप इथे आहे. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यात अविवाहित सज्ञान बाईला मूल दत्तक घेता येतं, पहिल्यापासून. गंमत म्हणजे अडचण होती ती लग्न झालेल्या बाईची, तिला स्वतःच्या नावावर दत्तक घेता येत नव्हतं, नवरा घेणार आणि हिने संमती द्यायची, हे बदललं 2010 च्या दुरुस्तीने. आजही काराच्या, म्हणजे केंद्राच्या दत्तक प्राधिकरणाच्या नियमात एकटी बाई मुलगा किंवा मुलगी कोणीही घेऊ शकते, एकट्या पुरुषाला मात्र मुलगी मिळत नाही. वयाची अट आहे, दोन वर्षांपर्यंतचं मूल हवं असेल तर एकट्या पालकाचं वय 40 च्या आत पाहिजे. हे फॉरवर्ड करणाऱ्याने एकदा तरी वाचलं असतं तर.

झटपट मिळाल्या, हे तर अजूनच भारी. ती स्वतः मुलाखतींमधून सांगत आलीये की प्रयत्न एकविसाव्या वर्षी सुरू केले आणि कोर्टात वडील पाठीशी उभे राहिले म्हणून निभावलं. आणि धाकटी आली 2010 मध्ये. मध्ये इतकी वर्षं का गेली? त्याच 1956 च्या कायद्यात कलम आहे, घरात एक मुलगी असेल तर दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही, मुलगा घ्या. तिला मुलगीच हवी होती. 2000 च्या बालन्याय कायद्याने आधी त्याच लिंगाचं मूल असलं तरी दत्तक घ्यायची वाट मोकळी केली, पण दोन कायद्यांची सांगड कशी घालायची हा घोळ होताच, तो 2009 ला मुंबई हायकोर्टाने दुसऱ्याच एका प्रकरणात सोडवला, त्या जोडप्याला आधीची एक मुलगी होती. पैशाने हे सगळं पटापट होत असतं तर दहा वर्षं कोण थांबलं असतं?

आणि हल्ली तर सगळं पोर्टलवर आहे. नोंदणी, मग घरी येऊन चौकशी, मग ज्येष्ठतेप्रमाणे नंबर. नंबर लागला की स्क्रीनवर मुलाचा फोटो आणि मेडिकल रिपोर्ट दिसतो, आणि हो म्हणायला मिळतात 48 तास. त्यात रिपोर्ट डॉक्टरांना दाखवायचा, घरच्यांशी बोलायचं, ठरवायचं. मूल घरी आल्यावरही दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाहणी. यात फोटो काढून मिरवण्यासारखं काय आहे ते मला तरी कळत नाही.

राहिलं करिअर. मधली काही वर्षं ती पडद्यावर कमी दिसली हे खरंय, पण 2020 ला 'आर्या' आली आणि पुढच्या वर्षी ती मालिका इंटरनॅशनल एमीच्या नॉमिनेशनपर्यंत गेली. 2023 मध्ये हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी, आणि त्याच वर्षी आपल्या रवी जाधवांची 'ताली', त्यात ती तृतीयपंथी कार्यकर्त्या श्रीगौरी सावंत झाली, ज्यांनी स्वतः एका मुलीला आई होऊन वाढवलंय. तेव्हा तिचा रोल आवडला नाही, अभिनय आवडला नाही, बिनधास्त म्हणा. पण मुलींना त्यात ओढू नका, आणि तो मेसेज माझ्या फॅमिली ग्रुपवर तर अजिबात टाकू नका.