दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: सहावं कार्ड बोर्ड का घेत नाही

नमस्कार,

रिव्ह्यू वाचला. सोबत बोर्डचा स्क्रीनशॉट टाकलात हे फार बरं झालं. "बेकार ॲप" एवढं लिहून निघून जाणाऱ्यांना उत्तर तरी काय द्यायचं?

इतर वाचणाऱ्यांसाठी तक्रार थोडक्यात सांगतो. आमचं ॲप म्हणजे टीमच्या कामांचा बोर्ड: एका कामाचं एक कार्ड, आणि ते 'चालू', 'तपासणी', 'झालं' अशा रकान्यांतून पुढे सरकतं. यांची सहा जणांची टीम. 'चालू' रकान्यात पाच कार्डं झाली की बोर्ड सहावं घेईना, म्हणून यांनी सेटिंगमध्ये जाऊन मर्यादा ४० केली. मग बोर्ड तुडुंब भरला, तीन आठवड्यांत द्यायचं काम रखडलं, क्लायंट चिडला. शिवाय गँट चार्ट (कोणतं काम कधी ते कधी, हे आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता) नाही आणि नोटिफिकेशनचा भडिमार होतो. एकूण मत असं, की "रंगीत चिठ्ठ्या चिकटवायची सोय आहे, बाकी काही नाही."

नोटिफिकेशनचं आधी उरकतो. प्रोफाइलमध्ये 'फक्त माझी कार्डं' निवडा, भडिमार थांबेल.

आता मर्यादेचं. पाच हा आकडा आम्ही सुरुवातीला घालून देतो, तो बदलायला काहीच हरकत नाही. सहा जणांना सहा ठेवा, आठ ठेवा. पण ४० ठेवणं म्हणजे मर्यादा काढूनच टाकणं. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये 'चालू'त २९ कार्डं आहेत आणि 'तपासणी'त ११. म्हणजे सुरू केलेली, पण हातावेगळी न झालेली कामं ४०. आठवड्याला जेमतेम आठ कामं पुरी होतात, असं तुम्हीच लिहिलंय. ४० भागिले ८, म्हणजे आज हातात घेतलेलं काम 'झालं'मध्ये पोचायला सरासरी पाच आठवडे. क्लायंटला शब्द दिला होता तीन आठवड्यांचा.

हा हिशेब आमच्या घरचा नाही. अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो गणिताने सिद्ध केला. रांगेत सरासरी किती जण आहेत आणि दर आठवड्याला किती जण बाहेर पडतात, यावरून सरासरी किती थांबावं लागेल ते निघतं. अट एवढीच, की येणारी आणि संपणारी कामं ढोबळमानाने सारखी हवीत. याच आठाच्या वेगात हातातली कामं १६ वर आणली, तर सरासरी दोन आठवड्यांवर येते. कुणालाही जास्त वेळ बसवावं लागत नाही. सुरू करण्याचा मोह आवरावा लागतो, आणि तो आवरणं अवघड असतं हे मला मान्य आहे. क्लायंटला "तुमचं काम सुरू केलंय" म्हणणं सोपं, "अजून हात लावलेला नाही" म्हणायला जीभ रेटत नाही. मग सगळंच सुरू होतं. एक ना धड, भाराभर चिंध्या.

कार्डांच्या संख्येने कामाला लगाम घालण्याची पद्धतही आमची नाही. टोयोटाच्या कारखान्यात ताइची ओनो यांनी १९५०च्या दशकात ती बसवली. पुढच्या टप्प्याने सुटे भाग उचलले की त्यांचं कार्ड मागे येतं, आणि कार्ड आलं तरच मागचा टप्पा नवे भाग बनवतो. कार्डं मोजकीच असल्यामुळे माल ठरावीक मर्यादेपलीकडे साठत नाही. सॉफ्टवेअरवाल्यांनी ही गोष्ट २०००नंतर उचलली. मर्यादा काढली की बोर्डचे नुसते रकाने उरतात. तेव्हा रंगीत चिठ्ठ्यांची तुमची उपमा ४०च्या सेटिंगला अगदी चपखल बसते.

स्क्रीनशॉटमधली एक गोष्ट मात्र रिव्ह्यूत कुठेच नाही. 'तपासणी'तल्या अकराही कार्डांवर एकाच व्यक्तीचा गोल फोटो आहे. घोडं तिथेच पेंड खातंय. पाच जण भराभर कामं पुढे ढकलतात आणि एकटा माणूस ती तपासतो. बहुधा त्याच्या नावावर 'चालू'तही काही असेलच. सहावं कार्ड बोर्ड घेत नाही तेव्हा तो हेच सांगत असतो: नवीन काही उघडू नका, कुणीतरी उठून तपासणीला हात लावा. तो खोळंबा तुमच्या कामात आधीपासूनच होता. बोर्डवर तो पहिल्यांदा दिसला, म्हणून बोर्डनेच आणला असं वाटणं साहजिक आहे.

आणखी एक. दुसऱ्या रांगेतल्या एका कार्डाचं नाव नुसतं 'वेबसाइट' आहे. ते कार्ड महिनोन्‌महिने 'चालू'तच राहणार, कारण ते कधी संपलं म्हणायचं हेच ठरलेलं नाही. त्याऐवजी 'संपर्काचा फॉर्म भरल्यावर ईमेल पोचतो का ते पाहणे' असं लिहा. दोन-तीन दिवसांत 'झालं'कडे सरकेल एवढंच काम एका कार्डावर हवं.

गँट चार्टबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे. आमच्याकडे तो नाही आणि आणायचा विचारही नाही. ॲपच्या पहिल्या पानावर तसं लिहिलेलं आहे. कार्डाला तारीख लावता येते, कॅलेंडरवर बघता येते, पण एक काम लांबलं की त्याच्या मागची दहा आपोआप सरकतील असं इथे होत नाही. इमारतीचं बांधकाम असेल, पाया झाल्याशिवाय भिंत नाही अशी कामांची लांब साखळी असेल, तर गँट चार्टच वापरा. हेन्री गँट यांच्या या आडव्या पट्ट्यांना शंभर वर्षं उलटून गेली, तरी त्या कामासाठी त्या अजून उत्तम आहेत. तुमच्या बोर्डवरची बहुतेक कामं मात्र सुटी सुटी दिसतात: एक मजकूर, एक डिझाइन, एक दुरुस्ती. त्यांना पट्ट्या आखत बसलात तर दर सोमवारी पट्ट्या सरकवण्यातच सकाळ जाईल.

पटत असेल तर एवढं करून बघा. 'तपासणी'ची मर्यादा चारवर आणा आणि ती अकरा कार्डं उपसली जाईपर्यंत 'चालू'त नवं काही घेऊ नका. त्या एका माणसाच्या जोडीला आणखी एक जण द्या. पहिले काही दिवस टीम कुरकुर करेल. बसून राहिल्यासारखं वाटतं, अशी तक्रार हमखास येते. आकडे बघायचे तर 'अहवाल'मध्ये प्रत्येक कार्डाला लागलेले दिवस दिसतात.

आणि तरीही प्लॅन बंद करायचाच असेल, तर उरलेल्या महिन्यांचे पैसे नियमाप्रमाणे परत मिळतील. त्याआधी 'बोर्ड उतरवून घ्या' हे बटण दाबून सगळी कार्डं सीएसव्ही फाइलमध्ये (एक्सेलमध्ये उघडते ती) घ्या. खातं बंद झाल्यावर ती आम्हालाही परत काढता येत नाहीत.