वैष्णोदेवीचं नाणं आणि दहा लाखांची थाप

गेल्या आठवड्यात इंदूरच्या रामबागेतून मावशीचा फोन आला. "अगं, लिंबाने काळं जात नाहीये, चिंच लावून बघू का?" मला वाटलं देवाच्या कलशाबद्दल विचारते आहे. दोन वाक्यांनंतर कळलं की ती नाणी घासत बसली होती. आजीच्या फडताळातला डबा उघडून, त्यातली एकामागून एक.

भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज याला कारणीभूत आहे. सोबत व्हिडिओही आहे आणि तुमच्यापैकी निम्म्यांना तो आलाच असेल. थोडक्यात असा: बँकेतून चिल्लरच्या थैल्या आणा, घरी बसून रोज तासभर चाळा, त्यातून 'दुर्मिळ' नाणी निघतात. वैष्णोदेवीच्या नाण्याला दहा लाख, एच अक्षर असलेल्या १९८५ च्या रुपयाला अडीच लाख, खाली कसलीच खूण नसलेल्या नाण्याला पन्नास हजार. नाणं लिंबू-चिंचेने चकचकीत करा, फोटो पाठवा, नोंदणी फी भरा. परदेशी गिऱ्हाईक तयार आहे, खरेदीला रिझर्व्ह बँकेची मान्यता आहे. बँकेने थैली दिली नाही तर तक्रारीची धमकी द्या. शेवटी, 'अमेरिकेत हजारो लोक असेच श्रीमंत झाले.'

मी बावीस वर्षं नाणी जमवते आहे. बँकेची पाकिटं आणून चाळणं हा माझा आवडता उद्योग आहे आणि नव्या माणसाने सुरुवात तिथूनच करावी, असं मी सगळ्यांना सांगते. म्हणूनच या मेसेजचा जास्त संताप येतो.

आधी पैशांचं बोलते, कारण मावशीचे गेलेत. फोटो पाठवल्यावर 'तुमचं नाणं मंजूर झालं' असं उत्तर आलं आणि नोंदणीचे ११५० रुपये मागितले. तिने नातवाकडून भरून घेतले. दुसऱ्या दिवशी जीएसटीचे ४८०० मागितले, सोबत रिझर्व्ह बँकेच्या चिन्हाचं एक पत्र. तेव्हा नातवाला शंका आली आणि ते थांबले. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी याच प्रकाराबद्दल जाहीर निवेदन काढलंय. काही लोक बँकेचं नाव आणि चिन्ह वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी शुल्क, कमिशन किंवा कर मागत आहेत, हे लक्षात आलं आहे; रिझर्व्ह बँक अशा व्यवहारात पडत नाही, कसलंही शुल्क मागत नाही आणि आपल्या वतीने ते गोळा करायला कोणत्याही संस्थेला, कंपनीला किंवा व्यक्तीला तिने अधिकार दिलेला नाही, असं त्यात स्पष्ट आहे. यापुढे कुणी 'पण त्यांच्याकडे पत्र आहे' म्हणालं तर हीच तारीख सांगा. खरा विकत घेणारा नाणं हातात घेतो, बघतो आणि तुम्हाला पैसे देतो. तुमच्याकडून आधी पैसे मागणारा माणूस नाणं घेणारच नसतो. पैसे गेलेच असतील तर लाज धरून बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मावशीने नातू सोडून चार दिवस कुणाला सांगितलं नव्हतं, ते मला पैसे जाण्यापेक्षा जास्त लागलं.

आता घासण्याचं. पैसे परत मिळू शकतात, हे नुकसान भरून येत नाही.

त्या डब्यात तांब्याचं एक अर्ध्या आण्याचं नाणं होतं. शिवाजीराव होळकरांच्या काळातलं, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडचं, आपल्या इंदूर संस्थानाचं. त्यावर नंदी बसलेला आहे. मी लहानपणी ते हातात घेऊन बघत असे. गडद विटकरी-तपकिरी रंग, नंदीच्या वशिंडाखाली आणि पायांच्या घडीत जवळजवळ काळं, आणि त्या काळ्यामुळेच नंदी वर उठून दिसायचा. शंभरहून जास्त वर्षं हवेत आणि हातांत राहून तांब्यावर तो थर बसलेला होता. तो थर म्हणजे मळ नव्हे. तो धातूचाच बदललेला पापुद्रा असतो आणि खालच्या तांब्याला तोच सांभाळतो. चिंचेतलं आम्ल तो विरघळवतं आणि मीठ-राख लावून घासलं की वरच्या बारीक रेघाही जातात. परवा मी जाऊन पाहिलं. नाणं गुलाबी पडलंय, नुकत्याच घासलेल्या तांब्यासारखं. दहापट भिंगाखाली एकाच दिशेने गेलेले ओरखडे दिसतात, नंदीच्या पाठीवरून थेट संवताच्या आकड्यांवर. शेवटचा आकडा तीन आहे की आठ, हे आता सांगता येत नाही.

नाणी जमवणारा कुणीही माणूस घासलेलं नाणं एका नजरेत ओळखतो आणि बाजूला ठेवतो. चमकवल्याने किंमत वाढत नाही, होती तीही जाते. जुनं नाणं कडांना धरायचं, अगदीच माती असेल तर साध्या पाण्यात ठेवून मऊ कापडावर टिपून घ्यायचं, पुसायचंही नाही. लिंबू, चिंच, टूथपेस्ट, पितांबरी, कोक यांतलं काहीही नको. ही एक गोष्ट तरी घरच्या मोठ्यांना आजच सांगा, कारण इंदुरातल्या जुन्या मराठी घरांमधून होळकरी नाणी अजून निघतात आणि ती निघतात ती देवघरातून आणि फडताळातून, बँकेच्या थैलीतून नव्हे. परदेशी गिऱ्हाइकाचं म्हणाल, तर शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतं. खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवताच येत नाही.

वैष्णोदेवीचं नाणं. हे २०१२ चं, श्राईन बोर्डाला पंचवीस वर्षं झाली म्हणून काढलेलं. पाच रुपयांचं आणि दहा रुपयांचं. दोन्ही चलनात आली आणि अजून फिरतायत. माझ्याकडे चार आहेत, त्यातलं एक मल्हारगंजातल्या पोहेवाल्याने सुट्ट्यांत दिलेलं. ज्यांना ते श्रद्धेने देवघरात ठेवायचंय त्यांनी जरूर ठेवावं, त्याला दहाच रुपये पडतात. दहा लाख देणारा माणूस मला बावीस वर्षांत भेटलेला नाही आणि तो ज्यांना भेटला असं सांगतात, त्यांनाही कुणी पाहिलेलं नाही.

अमेरिकेचा मुद्दा मात्र नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण सगळा गोंधळ तिथून उचललेला आहे. तिथे बँका कागदात गुंडाळलेले नाण्यांचे रोल देतात, पाव डॉलरच्या रोलमध्ये चाळीस नाणी असतात. लोक ते विकत घेऊन खरोखरच चाळतात. त्यांना शोधायची असते चांदी. १९६४ पर्यंतच्या तिथल्या दहा सेंट आणि पाव डॉलरच्या नाण्यांत नव्वद टक्के चांदी होती. अर्ध्या डॉलरमध्ये १९६५ ते १९७० या काळातही चाळीस टक्के होती. ती नाणी सरकारने कधी रद्द केली नाहीत, त्यामुळे एखादं आजही रोलमध्ये सापडू शकतं आणि त्यातल्या धातूचीच किंमत दर्शनी किमतीच्या कितीतरी पट असते.

आपल्याकडे तसं काही थैलीत येणं शक्यच नाही. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ साली रुपया निकेलचा झाला. त्यानंतर रोजच्या व्यवहारासाठी चांदीचं नाणं पाडलेलं नाही. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातूनच गेली, म्हणजे जुनी चिल्लर म्हणून जे आठवतं त्यातलं बहुतेक बँकेच्या पाकिटात येणारच नाही. २०२५ साली अहिल्यादेवींच्या तीनशेव्या जयंतीला निघालेलं तीनशे रुपयांचं नाणं 'थैलीत मिळालं' असंही एक जण मला सांगत होता. ते संग्राहकांसाठी काढलेलं नाणं आहे, काउंटरवरून चलनात आलेलंच नाही.

एच अक्षराच्या रुपयात अर्धं सत्य आहे, ते कबूल करते. १९८५ चा एच असलेला रुपया असतो. तेव्हा देशात सुट्ट्यांची टंचाई होती म्हणून सरकारने काही नाणी बाहेरून पाडून आणली. एच म्हणजे बर्मिंगहॅमची हीटन टांकसाळ. ती काही चूक नव्हे आणि ती नाणी मूठभरही नव्हती. सराफ्याच्या मागच्या गल्लीत मी तो रुपया दहा रुपयांना घेतला होता, ट्रेमध्ये ढीग होता. टांकसाळीतल्या खऱ्या चुका वेगळ्या असतात. ठसा बाजूला सरकलेला, एका बाजूचं चित्र उलट उमटलेलं, चकतीच दुसऱ्या नाण्याची. अशा नाण्यांना संग्राहक दर्शनी किमतीपेक्षा चांगले पैसे देतात आणि असं नाणं कधीमधी थैलीत सापडतंही. लाखांत नव्हे.

बिनखुणेचं नाणं म्हणजे कोलकाता टांकसाळीचं. कोलकाता खूण घालतच नाही. मुंबईची खूण पत्त्यांतल्या चौकटसारखी, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, सालाच्या खाली बघा. देशातल्या चारपैकी एक टांकसाळ दुर्मिळ कशी असेल?

राहिला बँकेचा मुद्दा. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे शाखांनी नाणी द्यायची आणि घ्यायची असतात, हे खरंच आहे, आणि काही ठिकाणी टाळाटाळ होते हेही खरं. पण धमकी कशासाठी? समोरचा कॅशियर रांग सांभाळत असतो. माझं खातं आहे त्या शाखेत मी महिन्याच्या मधल्या आठवड्यात, दुपारी गर्दी ओसरल्यावर जाते आणि शंभर-शंभर नाण्यांची दोन पाकिटं मागते. ती चाळून झाली की त्याच काउंटरवर परत न्यायची नाहीत, नाहीतर ते मोजायचं काम पुन्हा त्याच माणसाच्या गळ्यात पडतं. मी ती पोहेवाल्याला आणि वाण्याला देते. त्यांना सुटे हवेच असतात, नोट लगेच मिळते.

आणि त्यातून निघतं काय, ते सांगते, कारण या मेसेजमुळे लोक या छंदालाच थोतांड समजतील. मागच्या महिन्यात पाचच्या आणि दोनच्या नाण्यांची चार पाकिटं चाळली, चारशे नाणी. वर्तमानपत्र पसरायचं, साल वर येईल अशा रांगा लावायच्या, उजेड डाव्या बाजूने. एक छोटं लोहचुंबक जवळ ठेवायचं. पाचचं जुनं जाड नाणं, नऊ ग्रॅमचं, तांबं-निकेलचं, त्याला चुंबक चिकटत नाही. २००७ चं पोलादी टक्कन चिकटतं. एवढ्यानेही मुलं तासभर गुंगतात. त्या चारशेत मला २००७ चं लोकमान्य टिळकांचं पाच रुपयांचं नाणं मिळालं, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेचं दोन रुपयांचं मिळालं, २००९ चं लुई ब्रेलचं मिळालं, आणि चार रेघांच्या फुलीचं २००६ चं दोनचं, ज्यावरून तेव्हा वाद झाला होता. १९९९ चं शिवाजी महाराजांचं अकरा कोनी दोन रुपयांचं मी दोन वर्षं शोधत होते, तेही यातच आलं, जरा झिजलेलं. ज्ञानेश्वरांचा १९९९ चा रुपया अजून मिळायचाय.

हे सगळं मला दर्शनी किमतीला पडलं. विकायला गेले तर बहुतेकांचे दर्शनी किमतीपेक्षा थोडेच जास्त येतील, काहींचे तेवढेच. पण एका वहीत साल आणि टांकसाळ लिहीत गेलं की वर्षभरात आपल्या हातून काय काय जातं ते कळायला लागतं, आणि मग लुटणाऱ्याने पाठवलेला नाण्याचा फोटो बघून 'हे तर ढिगाने मिळतं' हे तुमचं तुम्हालाच समजतं.

मावशीसाठी मी ॲसिड नसलेल्या कागदाची छोटी पाकिटं आणली आणि डब्यातली न घासलेली सात नाणी त्यात ठेवली. घासलेला नंदीही ठेवलाय, वर तारीख लिहून. काल रात्री ग्रुपवर तोच मेसेज पुन्हा आला, या वेळी दहा लाखांचे पंधरा झालेत. मावशीने त्याखाली ४ ऑगस्ट २०२१ चं निवेदन टाकलंय, आणि ज्या काकूंनी तो पाठवला त्यांना फोनही केलाय.