जेसीबीवाल्याला शिव्या घालण्याआधी

पणजीत रस्ता खणताना पाण्याची वाहिनी फुटली की पुढचा वाद ठरलेला. साबांखा (सार्वजनिक बांधकाम खाते) वीज खात्याकडे बोट दाखवते, वीज खाते कंत्राटदाराकडे, आणि शेवटी सगळे मिळून जेसीबीवाल्यावर घसरतात: बाहेरून आलेला तो, खाली काय आहे ते त्याला काय ठाऊक? ठाऊक नसणारच. मग खणण्याआधी त्याच्यासमोर रस्त्यावर कोणी रेघ ओढली होती का, एवढे तरी विचारा.

इथे न्यू जर्सीत कुंपणाचा खांब रोवायचा असला तरी किमान तीन कामाचे दिवस आधी 811 या खोदाईची सूचना देण्याच्या फोन क्रमांकावर कळवावे लागते. पैसे पडत नाहीत. मग वाहिन्यांच्या मालकांची माणसे येऊन ड्राइव्हवेवर रंगीत रेघा ओढतात: तांबडी विजेची, पिवळी गॅसची, निळी पिण्याच्या पाण्याची, हिरवी गटाराची, नारिंगी फोनच्या केबलची. रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन फुटांत यंत्र लावायचे नाही, हाताने खणायचे.

यावर गोव्यातून उत्तर येते, ‘तुमच्याकडे नकाशे आहेत.’ अहो, नकाशावर इथेही कोणी विसंबत नाही. लोखंडी नळाला किंवा तारेला ट्रान्समीटर जोडून, वरून रिसीव्हर फिरवून वाहिनी शोधतात. प्लास्टिकच्या नळातून हा संकेत जात नाही. त्याच्यासोबत तार पुरलेली असली तरच तो सापडतो. जमिनीत लहर सोडणारे रडार आहे, पण खाडीलगतच्या ओल्या, खारट मातीत त्याची लहर फार खोल जात नाही. खोली तर कुठलेच यंत्र खात्रीने सांगत नाही. म्हणून शेवटी चाचणीचा खड्डा घ्यावाच लागतो. जिथे वाहिनी असावी असा अंदाज आहे तिथे तिला आडवा, हाताने.

आणि या खड्ड्यासाठी गोव्याची जमीन फार सोयीची आहे. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) घट्ट थरात पहार एकाएकी मऊ गेली, तर तिथे पूर्वी कोणीतरी चर खणून भरला आहे. चिऱ्यांच्या मुलखात मध्येच वाळू लागली आणि तिच्यावर विटा मांडलेल्या दिसल्या, तर खाली बहुधा वीजकेबल. पिवळी पट्टी दिसली तर बहुधा गॅस. इथून पुढे पिकास (कुदळ) बाजूला ठेवायचे, लाकडी दांड्याचे सपाट फावडे घ्यायचे आणि वरून घाव न घालता बाजूने माती खरवडायची. एवढ्याला अमेरिका लागत नाही.

वाहिनी फुटली तर निदान कळते तरी. खरा धोका ओरखड्याचा. 23 मार्च 1994 च्या रात्री इथल्या एडिसनमध्ये 36 इंची गॅसवाहिनी फुटून शेजारच्या इमारती जळाल्या. त्या नळावर खोदाई यंत्राचे जुने घाव सापडले. बकेटचा दात नळाला नुसता घासला तरी माती लोटून झाकायचे नाही, कळवायचे. ज्याला शिव्याच मिळणार हे ठरलेले आहे, तो कशाला कळवेल?

मार्च 2023 पासून भारतात ‘कॉल बिफोर यू डिग’ अ‍ॅप आहे, ‘आता झाले ना?’ असेही ऐकवतात. अ‍ॅप वाहिनीच्या मालकाला निरोप धाडते, रंगाचा डबा घेऊन त्याला स्वतःलाच रस्त्यावर यावे लागते. इथेही मीटरपलीकडची घरमालकाची स्वतःची वाहिनी कोणी दाखवत नाही, ती ज्याची त्याने शोधायची. हे मात्र इथली थोरवी सांगताना आम्ही सहसा गाळतो.

गोव्यात खरा नकाशा पाणीखात्याच्या जुन्या लाइनमनच्या डोक्यात आहे. कुठला व्हॉल्व्ह फिरवला की कुठला वाडा कोरडा पडतो, ते तो चालता चालता सांगेल. तो निवृत्त झाला की तो नकाशाही त्याच्याबरोबर घरी जातो. त्याआधी त्याला निळ्या रंगाचा डबा देऊन आठवडाभर रस्त्यावर फिरवा, आणि मागून एकाने फोनवर त्या जागा नोंदवत जावे.

मला त्या रस्त्यावर उभे केले, तर आमच्या घरचा नळ कुठून येतो हे मलाही सांगता येणार नाही. त्या बाबतीत मी जेसीबीवाल्याइतकाच बाहेरचा.